इंजिन वाजतंय? आधी इंजिन सोडून बाकी सगळं तपासा

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चात माझी शंभर सीसीची गाडी पन्नासच्या पुढे गेली की फुटरेस्टवरचे पाय बधिर व्हायला लागले. आरशात मागून येणारा एक ट्रक तीन ट्रकांसारखा दिसायचा. एका गॅरेजात दाखवली. मिस्त्रींनी दोनदा रेस दिली, मान हलवली आणि म्हणाले, "क्रँकचं काम निघालंय. इंजिन उतरवावं लागेल." क्रँक म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव गोल फिरवणारा इंजिनातला दांडा.

गाडी घरी आणली. संध्याकाळी पोतं अंथरून आडवा झालो आणि टॉर्च घेऊन खालून बघू लागलो. इंजिन चॅसीला जिथे मागच्या बाजूला खाली बसतं, त्या बोल्टाभोवती लालसर तपकिरी भुकटी जमली होती, कॉफी पावडर सांडावी तशी. बाकीच्या बोल्टांवर नुसती धूळ आणि तेल. नटाला बोटं लावली तर तो बोटांनीच फिरला. क्लचच्या कामासाठी गाडी आधी एकदा उघडली गेली होती, त्या वेळी कुणीतरी स्प्रिंग वॉशर न टाकताच नट लावला होता. वॉशर टाकला, नट आवळला, भणभण गेली. इंजिन आजही तेच आहे.

तेव्हापासून एक नियम करून टाकलाय: आवाज किंवा थरथर आली की इंजिनाचा एकही बोल्ट सोडण्याआधी बाहेरचं सगळं तपासायचं. तपासताना आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी येतो, हे आधी लिहून काढायचं. 'खडखड', 'खरखर', 'कटकट' हे शब्द प्रत्येकाचे वेगळे असतात. 'गार असताना येतो, गरम झाली की जातो' हे मात्र कुणालाही तेवढंच कळतं.

थोडी थरथर जन्माचीच

स्प्लेंडरचं ९७.२ सीसीचं इंजिन घ्या. बोअर (सिलिंडरची रुंदी) ५० मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ४९.५ मिमी. ६००० आरपीएमला क्रँक सेकंदाला १०० फेरे मारतो, म्हणजे पिस्टन सेकंदाला शंभरदा वर जाऊन खाली येतो. वरच्या टोकाला थांबून उलटं फिरताना त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या हजारपटीहून जास्त ओढ बसते. पिस्टन, रिंगा आणि पिन मिळून १०० ग्रॅम धरले, तर त्या क्षणी शंभर किलोचं पोतं लटकवल्यासारखी ओढ क्रँकवर येते. तीही सेकंदाला शंभर वेळा.

क्रँकच्या दुसऱ्या बाजूला वजन ठेवून ही ओढ तोलता येते, पण पूर्ण नाही. पूर्ण तोलायला गेलं तर वर-खालचा धक्का जातो आणि तेवढाच पुढे-मागे सुरू होतो. म्हणून साधारण निम्मं तोलायचं आणि उरलेलं चॅसीवर आणि आपल्या हातापायांवर सोडायचं, असा हा व्यवहार आहे. दोन सिलिंडरच्या गाडीत एक पिस्टन दुसऱ्याला सांभाळू शकतो, इथे तो एकटाच. केटीएमच्या ३९० ड्यूकमध्ये किंवा २०२१ नंतरच्या क्लासिक ३५० मध्ये यासाठी बॅलन्सर शाफ्ट असतो, म्हणजे क्रँकच्या उलट फिरणारं वजन. जुन्या बुलेटमध्ये तो नव्हता, म्हणून तिची धडधड ओळखीची झाली. बॅलन्सरवाली गाडी उघडलीच, तर त्याच्या गिअरवरच्या खुणा जुळवूनच बसवून घ्या. एक दात चुकला तरी नव्या पिस्टनची गाडी जुनीपेक्षा जास्त हलते.

तर थोडी थरथर असणारच. काळजी करायची ती बदलाची. परवापर्यंत नव्हती आणि आज आहे, किंवा ६० ला यायची ती ४५ लाच यायला लागली, असं झालं तर शोधायला लागा.

आधी चार प्रश्न

एक, गाडी उभी असताना येतो का, की चालवतानाच? उभ्या गाडीत न्यूट्रलला रेस देऊन आवाज येत नसेल, तर चेन, चाकं, हबचं रबर, ब्रेक यांच्याकडे बघा.

दोन, क्लच दाबल्यावर काय होतं? उभ्या गाडीवर न्यूट्रलमध्ये खरखर आहे आणि क्लच दाबताच गेली, तर दोष क्लचच्या घंटीत (बाहेरच्या वाटीत) किंवा गिअरबॉक्सच्या बेअरिंगमध्ये असतो. वरच्या हेडशी, म्हणजे सिलिंडरच्या ज्या डोक्यात व्हॉल्व्ह असतात त्याच्याशी, त्याचा संबंध नाही. अशी थोडी खरखर तर बऱ्याच जुन्या गाड्यांत असतेच, तिच्यासाठी कुणी इंजिन उतरवत नाही.

तीन, गार असताना की गरम झाल्यावर?

चार, जोर लावल्यावर वाढतो का? चढावर, डबलसीट, वरच्या गिअरमध्ये.

थरथरीसाठी आणखी एक परीक्षा आहे. रिकाम्या सरळ रस्त्यावर, मागे कुणी नाही हे बघून, ज्या वेगाला थरथर येते त्या वेगाला क्लच दाबा आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडा. इंजिन स्लोवर येतं, गाडी तशीच पळत राहते. थरथर गेली तर ती इंजिनाची. राहिली तर चाक, टायर, रिमचं आउट (वाकडेपणा) किंवा चाकाचं बेअरिंग. पाच सेकंदांत अर्धा संशय संपतो. माझ्या एका मित्राने महिनाभर टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट) करून घेतले होते, आणि शेवटी निघाला मागच्या टायरला आलेला फुगा.

बाहेरची फेरी: अर्धा तास, गाडी गार

गाडी डबल स्टँडवर लावा. १० ते १७ नंबरपर्यंतचे पान्हे, टॉर्च आणि एक फडकं, एवढं पुरे.

सुरुवात इंजिनाच्या माउंटिंगपासून. प्रत्येक नटाभोवती ती तपकिरी भुकटी आहे का ते बघा. दोन लोखंडं एकमेकांवर घासली तरच ती तयार होते, म्हणजे ती दिसली की सांधा हलतोय हे नक्की. एक बोल्ट ढिला सापडला तर फक्त तोच कचकचून आवळू नका. सगळे अर्धा-एक फेरा सैल करा, इंजिन आपल्या जागी बसू द्या आणि मग आळीपाळीने आवळा. नाहीतर इंजिन एका कोपऱ्यावर ओढलेलं राहतं आणि थरथर तशीच राहते.

मग सायलेन्सर. हेडला जिथे बेंड पाईप लागतो तिथले दोन नट बघा, आणि मागचा लटकवणारा बोल्ट. सायलेन्सर जोर करून ओढून बसवलेला असेल, तर तो इंजिनाला सतत ताणत राहतो. मागचा बोल्ट सोडा. पाईप भोकासमोरून सरकला, तर पुढचे नटही सैल करून सगळं नव्याने जुळवा.

पुढे मडगार्ड, नंबर प्लेट, हेडलाईटचा डोम, लेग गार्ड, साईड पॅनेल. आणि साडी गार्ड! आमच्याकडच्या निम्म्या 'इंजिनाच्या' तक्रारी साडी गार्डच्या असतात, असं म्हटलं तर थोडी अतिशयोक्ती होईल, पण थोडीच. गाडी स्लोवर चालू ठेवून हळूहळू रेस वाढवा आणि एकेक वस्तू हाताने घट्ट धरून बघा. जी धरल्यावर आवाज बंद होतो, ती चोर. सायलेन्सरला आणि बेंडला मात्र हात लावू नका, ते लाकडाने दाबून बघा.

चेन-सॉकेट

कम्यूटर गाड्यांत चेन कव्हरमध्ये असते, म्हणून विसरली जाते. कव्हरवरचं रबरी बूच काढा आणि खालच्या बाजूची चेन मधोमध बोटाने वर-खाली करा. साधारण २० ते ३० मिमी खेळ हवा. आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये असतो. चाक थोडं-थोडं फिरवून चार-पाच ठिकाणी मोजा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. एका जागी घट्ट आणि एका जागी लोंबती असेल, तर ती चेन संपली. आवळून भागत नाही, घट्ट जागा बेअरिंगं खाते. बदलायची तर चेन आणि दोन्ही सॉकेट (चेनची दातेरी चाकं) एकत्र. नवी चेन जुन्या दातांवर टाकली की दोन महिन्यांत तीही जुनी.

ढिल्या चेनचा आवाज खालून 'खट्-खट्' असा, गाडी पळताना आणि विशेषतः अ‍ॅक्सिलरेटर सोडला की येतो. पावसाळ्यात लाल चिखलातून रोज जाणं असेल, तर दर ५०० किमीला फडक्याने पुसून ९० नंबरचं गिअर ऑईल द्या. जळकं इंजिन ऑईल ओतणारे बरेच आहेत. त्यातली धातूची बारीक पूड चेन घासायचंच काम करते.

मागच्या हबमधलं रबर गेलं असेल, तर अ‍ॅक्सिलरेटर दिला-सोडला की 'ठक' असा एक धक्का बसतो. इंजिन बंद, गाडी गिअरमध्ये, डबल स्टँडवर. मागचं चाक हाताने पुढे-मागे करा. सॉकेट जागेवर आणि चाक बरंच हलतंय, तर रबर बदला.

ऑईल

या इंजिनात एकच ऑईल बोअर-पिस्टनला, क्लचला आणि गिअरला पुरतं. एक लिटरही नसतं. ते कमी झालं की सगळ्यात आधी वरचं हेड, कॅम आणि रॉकर (व्हॉल्व्ह उघडणारे भाग) कोरडे पडतात, कारण ऑईल तिथे शेवटी पोचतं. म्हणून वरून कटकट आली की टॅपेटला हात लावण्याआधी ऑईल बघा.

गाडी तीन-चार मिनिटं चालवा, बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा. डबल स्टँडवर, सपाट जागी. ऑईलची काडी पुसा आणि बहुतेक शंभर-सव्वाशेच्या गाड्यांत ती आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. आटे फिरवून बघितलं की काडी जास्त खोल जाते आणि कमी ऑईलही भरलेलं दिसतं.

ऑईल मॅन्युअलने सांगितलेल्या ग्रेडचंच. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (दुचाकीच्या ऑईलचं जपानी मानक) असं लिहिलेलं बघा. गाडीचा क्लच ऑईलमध्येच बुडलेला असतो. कारसाठीच्या काही ऑईलमध्ये घर्षण कमी करणारे पदार्थ असतात, त्याने क्लच घसरायला लागतो. 'जाड ऑईल टाका, आवाज दबेल' हा सल्लाही ऐकू नका. आवाज दबतो, पण थंडीत सकाळी किक मारली की वर ऑईल उशिरा पोचतं.

बदलताना जुनं ऑईल पांढऱ्या ताटलीत घ्या आणि त्यात चुंबक फिरवा. चुंबकाला करड्या रंगाचा मऊ लेप चिकटला तर ते नेहमीचं. चकत्या किंवा बोटाला टोचणारे कण निघाले, तर गिअर किंवा बेअरिंगची गोष्ट आहे. चकाकणारे पण चुंबकाला न चिकटणारे कण अ‍ॅल्युमिनियमचे, म्हणजे पिस्टन किंवा हेडकडे बोट. खालची जाळी त्याच वेळी धुवून घ्या. आणि ड्रेन बोल्ट आवळताना बोटांत जोर ठेवा, खांद्यात नको. अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेले की लेथवाल्याकडे जावं लागतं.

टॅपेट: इथे मात्र सावकाश

वाजणाऱ्या टॅपेटला लोक घाबरतात. घाबरावं ते न वाजणाऱ्याला. फट जास्त असली की टिकटिक होते, पिकअप थोडा कमी होतो, बस. फट उरलीच नाही तर व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली उष्णता बंद असताना सीटला देऊन गार होतो, तेच बंद पडलं की त्याची कड जळते. गाडी शांत चालते, किक हलकी लागते, सकाळी सुरू होईनाशी होते. 'आवाज नको' म्हणून आवळून दिलेले टॅपेट हे असं काम करतात.

एक खुलासा: २००९ पासून आलेल्या युसीई (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच खोक्यात) इंजिनाच्या क्लासिक ३५० मध्ये हायड्रॉलिक टॅपेट होते, त्यांना फट लावायची नसते. सकाळी पहिली काही सेकंदं ते टिकटिकले तर चालतं. पुढचं सगळं स्क्रूच्या टॅपेटवाल्या गाड्यांसाठी.

गाडी रात्रभर उभी असावी. गरम इंजिनावर फट मोजणं म्हणजे फुगलेल्या भाकरीची जाडी मोजणं. प्लग काढा, इंजिन हाताने हलकं फिरतं. हेडवरची दोन टॅपेटची झाकणं आणि डाव्या कव्हरवरची दोन टोप्यांची झाकणं उघडा, एक मोठी मधली आणि एक छोटी वरची. मोठीतून मॅग्नेटचा (क्रँकच्या टोकावरच्या चाकाचा) नट दिसतो. बॉक्स पान्हा लावून तो घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. छोट्या खिडकीतून 'टी' अक्षर दिसेल. त्याची रेघ कव्हरच्या खाचेशी जुळवा.

आता घाई नको. 'टी' दोनदा येतो, एकदा कॉम्प्रेशनवर आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. दोन्ही रॉकर बोटाने धरून हलवा. दोन्ही किंचित खुळखुळले तर बरोबर. एखादा ताठ असेल तर आणखी एक पूर्ण फेरा फिरवा. ही चूक मी पहिल्यांदा केली होती. चुकीच्या 'टी'वर फट लावली, झाकणं बंद केली, आणि गाडी सुरू झाली तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला, "मिक्सर लावलास का?"

बहुतेक शंभर-सव्वाशेच्या गाड्यांत फट ०.१ मिमीच्या आसपास किंवा त्याहून कमी असते, म्हणजे माणसाच्या केसाएवढी. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या, इनलेट आणि एक्झॉस्टचा वेगळा असू शकतो. फिलर गेजची (ठरावीक जाडीच्या पट्ट्यांचा संच) तेवढ्या जाडीची पट्टी ऑईलने ओली करून रॉकरच्या स्क्रूखाली सरकवा. ती किंचित अडखळत सरकायला हवी, जाड वहीच्या पानांतून कागद ओढल्यासारखी. लॉकनट सैल करा, स्क्रू फिरवून फट लावा, मग स्क्रू हलू न देता लॉकनट आवळा. आणि पट्टी पुन्हा घालून बघा. आवळताना फट बदलते, आणि या दुसऱ्या मोजणीत कंटाळा केला की आधीचं सगळं वाया. शेवटी मॅग्नेट दोन फेरे फिरवून परत 'टी'वर आणा आणि तिसऱ्यांदा मोजा.

तरीही वाजतंय

लांब स्क्रू ड्रायव्हर घ्या. टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडावर. गाडी स्लोवर. हेड, ब्लॉक, डावं कव्हर, उजवं कव्हर, असं फिरत जा. जिथे आवाज मुठीतून ठसक्यात येतो, तिथे तो जन्मतो. शर्टाची बाही आणि ओढणी चेनपासून लांब ठेवा.

डाव्या बाजूला हेडजवळ खर्र-खर्र आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला की जास्त, तर ते बहुतेक टायमिंग चेनचं, म्हणजे कॅम फिरवणाऱ्या इंजिनातल्या चेनचं. कधी चेन, पण कितीदा तरी फक्त तिचा टेन्शनर किंवा त्याचं रबर. ते आधी बदलून बघा.

गार असताना ब्लॉकमधून भरीव 'टक-टक' आणि दोन-तीन मिनिटांत कमी, तर पिस्टन बोअरमध्ये सैल झालाय. गरम झाला की फुगून बसतो. असं इंजिन बरेच महिने चालतं. सायलेन्सरमधून निळसर धूर आणि ऑईल कमी होणं सुरू झालं, की बोअर करायची, म्हणजे सिलिंडर कातून मोठा पिस्टन घालायची, वेळ.

सकाळी हेडच्या पुढून 'चुक-चुक' येतंय आणि टॅपेट बरोबर आहेत? बेंड पाईपचं पॅकिंग गेलं असेल. सांध्यावर काळा डाग शोधा. हा आवाज टॅपेटसारखाच लागतो आणि यापायी कित्येक टॅपेट उगाच आवळले जातात.

वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणी घाटात डबलसीट, चौथा गिअर, आणि पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं. हे इंधन वेळेआधी पेटण्याचं. गिअर खाली घ्या, तिथल्या तिथे जाईल. खालच्या गिअरमध्येही येत राहिलं, तर हेडमधला कार्बन, चुकीचा प्लग किंवा मिश्रणात कमी पेट्रोल आणि जास्त हवा, या क्रमाने बघा.

आणि खाली, क्रँकच्या पोटातून, जड हातोड्यासारखी 'ठक ठक', जी अ‍ॅक्सिलरेटर देताच वाढते आणि गरम झाल्यावर कमी न होता उलट मोठी होते. हा कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगचा आवाज. इथे तपासत बसू नका. गाडी बंद करा आणि टेम्पोत घालून न्या. तसंच दामटलं तर रॉड क्रँककेस फोडून बाहेर येऊ शकतो.

वही आणि मोबाईल

कानाला सवय होते, म्हणून हळूहळू वाढणारा आवाज आपल्याला कळतच नाही. मी दर महिन्याला सकाळी पहिल्या किकनंतरचं एक मिनिट मोबाईलवर रेकॉर्ड करतो. गाडी त्याच जागी, फोन ओट्याच्या त्याच पायरीवर. सहा महिन्यांपूर्वीचं आणि आजचं लागोपाठ ऐकलं की फरक लख्ख कळतो. वहीत किलोमीटर, ऑईल, टॅपेट, चेन कधी आवळली, एवढंच.

मिस्त्रींकडे जायची वेळ आलीच, तर 'इंजिन वाजतंय, बघा' असं सांगू नका. 'गार असताना वाजतं, क्लचचा फरक पडत नाही, ऑईल बरोबर आहे, टॅपेट परवा बघितले, माउंटिंग आवळलंय' असं सांगा. आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना मी हे पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा त्यांनी हातातला चहा खाली ठेवला, स्क्रू ड्रायव्हर कानामागे लावला आणि पाऊण मिनिटाने म्हणाले, "टेन्शनरचं रबर घिऊन ये, मंग बगू."